चार्ज न केल्यामुळे

घरात तिला सगळे बारकी म्हणत. चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, हाताखाली चार माणसं आली, तरी घरी ती बारकीच. त्यात कामही बारक्याच वस्तूंचं. माणसाच्या अंगात बसवायच्या यंत्रांसाठी ती बॅटऱ्या बनवायची. आगपेटीच्या निम्म्याएवढी टायटॅनियमची डबी, आत पातळ पापुद्र्यांची घट्ट गुंडाळी, आणि झाकण लेसरने असं जोडलेलं की हवेचा कणही आतबाहेर होऊ नये. “एकदा बंद केली की आम्हालाही ती धडपणी उघडता येत नाही,” असं ती घरी आलेल्यांना कौतुकाने सांगायची.

त्या दिवशी मात्र ती दादाच्या बाहेरच्या खोलीत उभी होती आणि दादा तिच्याच कंपनीच्या माणसाची माफी मागत होता.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मागे एकदा शिडीवरून पडला, कण्यातली नस दुखावली आणि डावा पाय कायमचा पेटला. औषधांनी गुंगी यायची, दुखणं काही जायचं नाही. तेव्हा बारकीनेच डॉक्टर गाठले, बारकीनेच हे यंत्र सुचवलं. कमरेच्या वर कातडीखाली ते बसवायचं, तिथून एक बारीक तार कण्यापाशी न्यायची, आणि विजेच्या हलक्या स्पंदनांनी दुखण्याला वाटेतच अडवायचं. अधूनमधून चार्जरचा पट्टा कमरेला बांधून बसलं की झालं. दादा पुन्हा ब्रश धरू लागला. शिडीवर नाही, टेबलाशी बसून. पण अक्षराचं वळण तेच.

मग या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि एवढा चिघळला की अतिदक्षता विभागात नळ्या लावून त्याला झोपवून ठेवावं लागलं. बरेच दिवस तो शुद्धीवरच नव्हता. त्यातून वाचला, हाडं मोजता येतील असा होऊन घरी आला, आणि पाहतो तर पाय पुन्हा पेटलेला. पट्टा बांधला, तर यंत्र दाद देईना.

कंपनीचा माणूस सभ्य होता. केस विरळ झालेला, बोलायला मऊ. त्याने तपासणीची चकती दादाच्या कमरेवर फिरवली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली. मग समजावून सांगितलं, की बॅटरी पार रिकामी झाली आहे आणि इतकी रिकामी झाली की यंत्र सुरक्षिततेसाठी स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतं. आता हे काढून नवं बसवायला हवं, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. माहितीपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

“फॉर्ममध्ये कारण म्हणून मी ‘रुग्णाने चार्ज केले नाही’ असं टाकतो,” तो म्हणाला. “दुसरं काही बसत नाही त्यात.”

“हो, माझंच चुकलं,” दादा म्हणाला. “लक्षात ठेवायला हवं होतं. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळ्या लावून निपचित पडलेला माणूस, ज्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तो लक्षात ठेवलं नाही म्हणून माफी मागत होता. आणि समोरचा मान डोलावत होता. त्या माणसाला ती काय बोलणार? तो बिचारा सांगितलेलं करत होता. त्याने आपली पेटी आवरली, लवकर बरे व्हा म्हणाला आणि गेला.

दार बंद झालं तशी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओल्या हातांनीच. तिने सगळं ऐकलं होतं.

“मी पट्टा नेला होता दवाखान्यात,” ती म्हणाली. “नर्सबाई म्हणाल्या, बाहेरचं काही इथे विजेला लावायचं नाही. परत आणला. पुढे ह्यांचा श्वास चालतोय की नाही तेवढंच बघत होते मी. तू रोज तिथे होतीस, बारके. तुला आठवलं का?”

“नाही.”

“बॅटरी तूच बनवलीस ना?”

“हो.”

“मग ह्यांना कशी आठवायची? झोपेत?”

दादाने दोघींना गप्प बसवलं. झालं ते झालं, म्हणाला. त्याच्या तोंडी हे वाक्य कायमचंच होतं आणि आजवर बारकीला ते मोठेपणाचं वाटायचं. आज ते ऐकून तिचं डोकं भणभणलं.

तिला एक गोष्ट माहीत होती, ती तिने वहिनीला त्याच दिवशी सांगून टाकली. त्या बॅटरीत तांब्याची एक पातळ फॉइल असते. बॅटरी अगदी तळाला गेली की ते तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करायला गेलं की नको त्या जागी जाऊन साठतं. आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती, म्हणून ते कुलूप. पण हे असंच असायला पाहिजे असं नाही. बारकीने स्वतः दुसरी बॅटरी करून दाखवली होती. तिच्यात तांब्याच्या जागी टायटॅनियमची फॉइल. महिनोन् महिने रिकामी ठेवली, पट्टा लावला की पुन्हा कामाला. फक्त टायटॅनियममधून वीज तितकी सहज वाहत नाही, म्हणून फॉइल जाड लागते, आणि डबी नखाच्या जाडीएवढी फुगते. त्या वर्षी विक्रीवाल्यांना बाजारातलं सगळ्यात पातळ यंत्र आणायचं होतं. तिची बॅटरी कपाटात गेली.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. “नखाएवढी?” तिने विचारलं, आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. ती भांडली असती तर बरं, असं बारकीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बारकी आधी तक्रार विभागात गेली. तिथल्या बाई तिच्या जुन्या ओळखीच्या. बारकीने विचारलं, की अशी पार रिकामी होऊन मेलेली यंत्रं परत येतात, त्यांतल्या बॅटऱ्या माझ्याकडे कशा येत नाहीत? बाईंनी सरळ सांगितलं. “कशा येतील? ‘चार्ज केले नाही’ असं आलं की ती तक्रार आमच्याकडेच बंद होते. बॅटरीची चूक असेल तर तुमच्याकडे. ही माणसाची चूक.”

“आणि ही माणसं असतात कोण?”

बाईंनी खांदे उडवले. आजारी असतात, म्हणाल्या. कोणाचं दुसरंच मोठं ऑपरेशन झालेलं असतं, कोणी विसरभोळं झालेलं असतं, कोणाची बायको वारलेली असते आणि पट्टा बांधायला घरात कोणी नसतं. आजारी माणसांनाच ही यंत्रं बसवतात ना शेवटी.

तिथून बारकी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली. हे गृहस्थ आवाज चढवत नसत. कितीही तापलेला माणूस समोर येवो, ते त्याला बसायला सांगत आणि पाणी पुढे करत. भल्याभल्यांचा राग त्या पाण्यात विझलेला बारकीने पाहिला होता. तिने ग्लासाला हात लावला नाही आणि ती बसलीही नाही.

त्यांनी भावाबद्दल मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. नवं यंत्र तातडीने मिळेल असं बघतो, म्हणाले. फॉइलचा विषय तिने काढला तेव्हा मात्र त्यांनी शांतपणे तेच जुनं उत्तर दिलं: या बॅटरीविरुद्ध आपल्याकडे एकही तक्रार नाही. तक्रार नसताना डबी जाड करा म्हणून कोणाला सांगायचं?

“तक्रारी येतात,” बारकी म्हणाली. “तुम्ही त्यांना माणसाची चूक म्हणता आणि खाली बंद करता.”

“पुस्तकात लिहिलंय, की चार्ज करत राहा.”

“ते पुस्तक मी वाचलंय. बॅटरीचं पान मीच तपासलंय. आणि दादा तिथे नळ्या लावून पडला होता तेव्हा मी रोज त्याच्या उशाशी बसत होते. ही बॅटरी ज्या बाईने बनवली ती बाई, साहेब. त्याच्यापासून हातभर लांब. मला एकदाही आठवण झाली नाही. मग कोणाला व्हावी अशी तुमची अपेक्षा आहे?”

त्यांनी ग्लास तिच्याकडे आणखी थोडा सरकवला. मग म्हणाले, “घरचं माणूस आहे म्हणून तू चिडली आहेस.”

“हो, चिडलेय. घरचं नव्हतं तेव्हा मी चिडले नाही, याचाही राग येतोय.”

यावर त्यांच्याकडे एक नियम होता. कामावरच्या माणसाने स्वतःच्या नातेवाइकासाठी तक्रार करायची नाही, आणि त्याच्या प्रकरणात लुडबुड तर मुळीच नाही. तो त्यांनी तिला हळू आवाजात ऐकवला. बारकी तिथून निघाली आणि बॅटऱ्या जोडायच्या ड्राय रूममध्ये गेली. तिथली हवा इतकी कोरडी ठेवलेली असते की ओठ फुटतात आणि डोळ्यांत पाणी टिकत नाही. रडायचं नसेल तर बरी जागा.

आता तक्रार करायची तर दादानेच करायला हवी होती, आणि दादा कसला करतोय. बारकीने सुट्टीच्या दिवशी त्याच्यापुढे सगळं मांडलं. त्याने लिहून द्यावं की आपण चार्ज केलं नाही हे खरं, पण बेशुद्ध होतो; दोष बॅटरीत आहे, ती उघडून तपासा. दादा पाय चोळत ऐकत राहिला. मग म्हणाला, तुझ्या नोकरीवर येईल. शिवाय लोकांनी एवढं चांगलं यंत्र दिलं, दोनचार वर्षं सुखाची गेली, आता त्यांच्याच नावाने बोटं मोडायची का?

“तुला राग कसा येत नाही रे?” बारकी म्हणाली. “दुखतंय तुला. पुन्हा पाठ कापणार आहेत तुझी. वर चूक तुझी म्हणतायत.”

“राग येऊन पाय थांबतो का?”

ती चवताळली. त्याला नको नको ते बोलली. तू आयुष्यभर असाच, कोणीही यावं आणि तुझ्या डोक्यावर खापर फोडून जावं, आणि तू ते झेलायला उभाच. दादा खाली मान घालून बसला. वहिनीने तिला दंडाला धरून आत नेलं आणि म्हणाली, पुरे आता, आजारी माणूस आहे तो. वहिनी तिच्यावर रागावली होती आणि तिच्याच बाजूची होती, हे एकाच वेळी कसं जमतं ते तिचं तिला माहीत.

तेवढ्यात फोन वाजला. दादानेच उचलला. ऑपरेशनपूर्वीच्या तयारीसाठी कंपनीच्या मदत केंद्रातून कोणीतरी गोड आवाजात बोलत होतं. आधीच्या यंत्राची बॅटरी आपल्याकडून चार्ज झाली नव्हती, त्यामुळे नवं यंत्र देण्याआधी आपल्याला चार्जिंगचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागेल. शेवटी एक छोटी परीक्षा आहे, घाबरू नका, सोपी असते.

दादा पाय चोळायचा थांबून ताठ बसला. दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याची मान लाल होत चालली होती.

“बेशुद्ध असताना चार्ज कसं करायचं, ते शिकवणार आहात का?” त्याने विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“नाही ना? मग परीक्षा कसली घेताय? मी पस्तीस वर्षं पाट्या रंगवतोय. माझ्या हातून वेलांटी चुकली तर मी पाटी पुसून पुन्हा काढून देतो. गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, असं सांगत नाही. तुमची पाटी चुकली आहे. दोष तुमच्या बॅटरीत आहे. लिहून घ्या. नाही, शब्दांत लिहून घ्या, खूण करू नका. मी धरतो फोन.”

आवाज चढला नव्हता, पण बारकीने दादाला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. पलीकडच्याने लिहून घेऊन वाचून दाखवेपर्यंत त्याने फोन सोडला नाही. एक शब्द गाळला होता, तो पुन्हा घालायला लावला. मग फोन ठेवून तो धापा टाकत बसला. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्याने तोही झटकला.

ऑपरेशन झालं. जुनं यंत्र निघालं आणि आता रुग्णाने दोष बॅटरीचा म्हटलेला असल्यामुळे ते नियमानेच बॅटरी विभागात आलं. बारकीला त्याच्या आसपास फिरकायलाही बंदी होती. तिच्या हाताखालच्या सहकाऱ्याने डबी कापली, आणि ती काचेबाहेर मास्क लावून उभी राहिली. त्याने गुंडाळी हळूहळू उलगडली. पापुद्र्यांच्या मधल्या पांढऱ्या पडद्यावर तांबूस डाग पडले होते, गंजक्या पाण्याचे थेंब पडावेत तसे. सहकाऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. दादाच्या पाठीत हे होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

मग बैठका झाल्या. तक्रार विभागातल्या बाईंनी, कोणी न सांगता, बंद केलेल्या जुन्या तक्रारीही पुढे आणल्या. पुढच्या यंत्रात टायटॅनियमची फॉइल घ्यायचं ठरलं, डबी नखाएवढी फुगली तर फुगू दे. दवाखान्यांना कळवायचं ठरलं, की असा रुग्ण बेशुद्ध असेल तर पट्टा तुम्ही बांधा. विभागप्रमुखांनी ते सगळं त्याच शांत आवाजात वाचून दाखवलं, जणू कल्पना त्यांचीच. त्यानंतर बारकीची बदली झाली. हृदयाच्या पेसमेकरच्या बॅटऱ्यांवर, ज्या चार्ज कराव्याच लागत नाहीत. हा सन्मान आहे, असं तिला सांगण्यात आलं.

पण ज्यांच्या अंगात जुनी यंत्रं आहेत त्यांचं काय, हे तिने प्रत्येक बैठकीत विचारलं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. दादाला मिळालेलं नवं यंत्रही जुन्याच बनावटीचं होतं. पुढचं तयार व्हायला अवकाश होता आणि पाय थांबायला तयार नव्हता.

“म्हणजे पुन्हा तेच?” वहिनीने विचारलं.

“पुन्हा तेच,” बारकी म्हणाली.

वहिनी पट्ट्याची वायर हाताला गुंडाळत होती. तिने ती इतकी घट्ट ओढली की बोटांवर वळ उठले. “तुझ्या त्या साहेबांचा नंबर दे मला,” ती म्हणाली.

नियमाप्रमाणे द्यायचा नव्हता. बारकीने दिला.