वरची बांगडी

रोशनबी लेकीच्या बाळंतपणासाठी इंदापूरला निघाली आणि बारामतीचं बांगड्यांचं दुकान पंधरा दिवस फारुकच्या हाती आलं. बी.एस्सी. होऊन तो नुकताच पुण्याहून परतला होता. एस.टी.त चढता चढता आईनं एवढंच बजावलं, "गुरुवारच्या बाजाराला कोऱ्हाळ्याच्या प्रयागबाई येतील. त्यांच्या सारजाच्या लग्नाचा चुडा आपल्याकडंच भरला पाहिजे. ते लग्न हातचं गेलं, तर त्यांच्या मागं अख्खं गाव जाईल."

बांगड्या भरायला फारुक लहानपणीच शिकला होता. पण आईची एक रीत त्याला कधीच पटली नव्हती. डझनाचे बारा आणे घ्यायचे आणि वर एक बांगडी फुकट भरायची. म्हणजे बारा आण्यांत तेरा. मग बाराच भरून सरळ अकरा आणे का घेऊ नयेत? त्यानं हिशेब मांडून पाहिला. पैचासुद्धा फरक पडत नव्हता. त्यानं खडूनं पाटी लिहिली : 'डझन अकरा आणे. एकच भाव.'

तीन दिवस दुकानात माशा घोंगावल्या. बाया यायच्या, भाव ऐकून बांगडी उजेडात धरायच्या. "स्वस्त का रं? तडकलेला माल हाय का काय?" असं म्हणून पुढच्या दुकानात जायच्या.

गुरुवारी प्रयागबाई सारजाला घेऊन आल्या. "आधी माजं हात भर. मग लेकीचं बघू."

फारुकनं एकही न तडकू देता दोन्ही हातांत सहा-सहा बांगड्या भरल्या. प्रयागबाईंनी हात मागं घेतला नाही. त्या थांबल्या, तोही थांबला.

"झालं, मावशी."

"आन् वरची?"

"वरचीचा आणा आधीच कमी केलाय. तुमी अकराच द्या."

"आसं व्हय!" त्यांनी मनगट फिरवून पाहिलं. "कुठं हाय त्यो आणा? मला तर दिसंना." सारजा पदराआड हसली. "सवाशिणीचं हात मोजून भरतोस व्हय रं? ऊठ गं सारजा."

फारुकनं घाईनं एक हिरवी बांगडी उचलली. "बसा, मावशी. चुकलं माजं. ही ऱ्हायलीच होती."

प्रयागबाई पुन्हा बसल्या आणि हात पुढं केला. तेरावी बांगडी मनगटावर किणकिणली, तशी त्यांनी बांगड्या भरणाऱ्याला करतात तसा लेकाच्या वयाच्या त्या पोराला वाकून नमस्कार केला.

"किती द्यायचं?"

"बारा आणे," फारुक भीत भीत म्हणाला.

त्यांनी घासाघीस न करता बारा आणे दिले. "आता शोभतोस रोशनबीचा! रविवारी माल घिऊन घरी ये. सारजा धरून एकवीस बाया हायत."

त्या गेल्यावर फारुकनं पाटी पुसून टाकली. कमी केलेला आणा कुणाच्या हातावर किणकिणत नाही, हे पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं मंडईत अर्धा शेर वांगी घेतली. माळणीनं पैसे घेतले, तरी तो पिशवी उघडी धरून उभाच होता. तिनं एक वांगं वर टाकलं, तेव्हा तो खुशीत घराकडं वळला.