सावरीवरचा गेरूचा पट्टा

मित्रांनो, मी देवरूखजवळच्या एका वाडीतली काटेसावर आहे. वय तिशीच्या घरात. वाऱ्यावर उडालेल्या कापसातलं एक बी कातळाच्या फटीत पडलं, तीच मी. मी सरळसोट वाढले. लोक कौतुक करत आणि मला त्या कौतुकाचीच धास्ती वाटे, कारण आमच्याकडे शिमग्याला होळी म्हणून उभं करायला सरळ झाडच शोधून तोडतात. देवाचं काम आहे, माझा कुणावर राग नाही. पण मरणाची भीती झाडालाही असते.

माघ सरता सरता माझी पानं गळतात आणि अंगभर लाल फुलं येतात. मग काय विचारता! मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, एखादा लाजाळू हळद्या. सकाळी माझ्या अंगावर नुसता बाजार भरतो. शाळेच्या दीप्तीबाई रोज उजाडताच येऊन कुठली पाखरं आली ते वहीत लिहीत. यंदा त्यांनी मुलांनाही कामाला लावलं. इथे आम्ही सावरी चार. मुलांनी भलत्याच झाडावरची पाखरं मोजू नयेत म्हणून बाईंनी माझ्या खोडाला गेरूचा ठसठशीत पट्टा ओढला. मला तो दागिना वाटला. मीही वेडीच.

बाई मूळच्या दाभोळच्या. होळीचं झाड हेरलं की या वाडीत त्याला गेरूनेच खूण करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी मानकरी धोंडूदादा चार माणसं घेऊन आले. पट्टा पाहून त्यांना वाटलं, वाडीतल्याच कुणीतरी झाड हेरून ठेवलंय. त्यांनी बुंध्याशी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि सकाळी येतो म्हणून निघून गेले. माझ्या अंगातला रसच गोठला. पाखरांना पंख असतात, झाडाने पळायचं कुठे?

सकाळी कुऱ्हाडी आल्या आणि पाठोपाठ बाईही. प्रकार कळताच त्या धावत पुढे आल्या. खूण माझी, चूक माझी, असं त्या पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. धोंडूदादा कळवळले, पण नारळाला हात लावेनात.

"देवाला शब्द दिलाय बाय, आता फिरवू कसा?"

पहिला घाव बसला. मी शेंड्यापर्यंत थरथरले. तेवढ्यात वरच्या वाळक्या फांदीतल्या भोकातून तांबट पाखराच्या मादीने डोकं बाहेर काढलं. ती उडाली नाही.

"दादा, आत पिल्लं आहेत," बाई हळूच म्हणाल्या.

धोंडूदादांनी मान वर करून त्या भोकाकडे बघितलं. मग त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"बाळंतिणीचं घर पाडून उभी केलेली होळी देवालाही नाय आवडायची."

त्यांनी नारळ उचलला, चूक पदरात घे म्हणून नवं गाऱ्हाणं घातलं आणि मंडळी ओढ्याकाठच्या आंब्याकडे वळली. मी सुटले म्हणून रडले आणि त्या आंब्यासाठीही रडले.

मित्रांनो, झाडापाखरांवर जरूर माया करा. पण परक्या गावात झाडाला हात लावण्याआधी गावातल्या चार माणसांना विचारा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी घासून घासून पट्टा धुतला, पण गेरू सालीत मुरलाय, जात नाही. पिल्लं केव्हाच उडून गेली. पुढच्या शिमग्याला ते भोक रिकामं असेल आणि मी आणखी हातभर सरळ वाढलेली असेन.