पप्पांचं उत्तर

चारकोपच्या त्या खोलीत दुपारी दोन वाजता श्रुतिका फरशीवर बसून लॅपटॉपकडे बघत होती. उपकरणांच्या यादीत एक पिवळा त्रिकोण होता आणि त्याच्यापुढे ‘अनोळखी उपकरण’, एवढंच. चार वाजता डॉक्टर येणार होते.

पलंगावर तिचे वडील, चंद्रप्रकाश. बत्तीस वर्षं अंधेरीतल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी हातातून पाना निसटायला लागला, मग पाय गेले, मग वाचा. एकेक स्नायू संपवत जाणारा आजार. आता श्वासही पुरत नव्हता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि कायम यंत्रावर जगायचं, की काहीच करायचं नाही, हे आज ठरायचं होतं. “त्यांनी स्वतः सांगितलं तर बरं,” डॉक्टर म्हणाले होते.

सांगायचं साधन श्रुतिकानेच बनवलं होतं. गालावर चिकटवायचा सेन्सर, तळहाताएवढा बोर्ड, छोटा पडदा. पडद्यावर अक्षरं सरकायची, हवं ते आलं की पप्पा गाल फुगवायचे. सोमवारी तो बोर्ड जळला. नवा आज सकाळी आला, पण कोरा. त्यात प्रोग्रॅम भरायचा तर आधी लॅपटॉपने बोर्डाला ओळखायला हवं, आणि ती ओळख करून देणारा ड्रायव्हर ऑफिसच्या या लॅपटॉपवर नव्हता. तिचा स्वतःचा लॅपटॉप गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला होता.

हो असेल तर पापण्या मिटा, असं सांगून विचारूनही झालं होतं. “नळी घालायची?” पापण्या मिटल्या. “नको?” तेव्हाही मिटल्या. दमून मिटत होत्या की काय, कोण जाणे.

“सोड ते, श्रुती,” नितेश म्हणाला. तिचा मोठा भाऊ सकाळपासून खिडकीशी उभा होता. “मशीनवर जगायचं नाही, हे पप्पांनी शंभरदा सांगितलंय.”

“तेव्हा ते धडधाकट होते, दादा.”

“मलाही वाटतं त्यांना नकोच असेल,” आई, सुगंधा, हळूच म्हणाली.

श्रुतिकालाही तेच वाटत होतं. तरी तिने ऑफिसात अनुपमाला फोन लावला. लॅपटॉपवर काहीही टाकायची परवानगी तिच्याच हातात होती.

“बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही गं, तुला माहितीये ना.”

श्रुतिकाने काय आहे ते सांगितलं.

“पंधरा मिनिटं देते,” अनुपमा म्हणाली. “माझी काय ती वाट लागू दे.”

विक्रेत्याच्या पानावर बोर्डातल्या चिपचं नाव सीएच ३४० होतं. तिने तोच ड्रायव्हर उतरवला, टाकला, केबल काढून परत लावली. त्रिकोण तसाच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तसाच. केबल बदलली, दुसऱ्या खाचेत घातली. पंधरा मिनिटं संपली. पप्पांच्या छातीतून येणारा आवाज आता स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

तिला रडू फुटलं. कपाळ गुडघ्यांवर टेकवून ती तशीच बसली. आई शेजारी येऊन बसली.

थोड्या वेळाने, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने बोर्ड उजेडात धरला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्या इवल्याशा चिपवरची अक्षरं मोठी करून पाहिली. सीपी २१०२. विक्रेत्याने दुसराच बोर्ड पाठवला होता. ती इतका वेळ परक्या चिपचा ड्रायव्हर टाकत बसली होती.

“अनुपमा, अजून पाचच मिनिटं,” ती फोनवर म्हणाली. अनुपमाने लगेच परवानगी पुन्हा चालू केली.

योग्य ड्रायव्हर बसला. त्रिकोण गेला, लॅपटॉपने बोर्ड ओळखला. प्रोग्रॅम भरून होईपर्यंत दारात डॉक्टर उभे होते.

श्रुतिकाने सेन्सर पप्पांच्या गालावर लावला. “पप्पा, नळीबद्दल तुम्हीच सांगा.”

अक्षरं सरकू लागली. काना-मात्रा गाळूनच ते लिहायचे. न. मग बऱ्याच वेळाने ळ. नितेशने मान खाली घातली, आईने पदर तोंडाशी धरला. पुढे न येणार, मग क, हे सगळ्यांनी मनात धरलंच होतं. न आलं आणि सरकून गेलं. गाल हलला नाही.

यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मघाशी निसटलेल्या घ वर या वेळी गाल फुगला. मग ल वर.

“नळी घाला,” श्रुतिकाने वाचलं.

आई पलंगाशी आली. “आणि मी नको म्हणणार होते,” ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. नितेशला कुणाकडेच बघवेना. डॉक्टरांनी अँब्युलन्सला फोन लावला.

पप्पा थांबले नव्हते. भ. त. व. ट. त.

भीती वाटते. श्रुतिकाने त्यांचा निर्जीव हात दोन्ही हातांत घेतला.

“मलाही, पप्पा,” ती म्हणाली.