दोन माणसांची करवत

भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा चिमणी एका पंपाच्या मोटारीत तार भरत बसली होती. पंचावन्न उलटली, मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान झालं, तरी घरात ती चिमणीच. आता तसं म्हणायला एकटे काकाच उरले होते.

"ताई, एक जुनी चेनसॉ आलीय. दोघांनी धरायची, मोठी. टाकीला एका बाजूनं पोचा आहे. तुमच्या वडिलांची तर नव्हे?"

हातातली तार तशीच टाकून ती निघाली. पोचा तिनं लांबूनच ओळखला. ट्रकमधून उतरवताना मशीन वडिलांच्या, अण्णांच्या हातून सुटलं होतं आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते. बाकी नुसता सांगाडा होता. अण्णा काम करायचे त्या लाकडाच्या वखारीच्या मालकानं ते गेल्यावर मशीन वापरलं, मग त्याचे भाग काढून दुसऱ्यांना लावले. कार्बोरेटर नाही, कॉइल नाही, चेन नाही. आणि चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या पलीकडच्या टोकाला असायची ती मूठही नाही.

त्या मुठीवर काकांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. इंजिनाकडे अण्णा, मुठीकडे काका, मध्ये झाड. एकदा दोघा भावांचं असं बिनसलं की अख्खा हिवाळा ते एकमेकांशी बोलले नाहीत. पण ही करवत एकट्यानं चालत नाही, म्हणून रोज सकाळी तोंडं फुगवून सोबतच कामाला निघत. लहानगी चिमणी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. आवाजाच्या रोखानं चालत राहायचं, एवढाच रस्ता तिला ठाऊक. आवाज जाड झाला म्हणजे करवत लाकडात शिरली, आणि थांबला म्हणजे दोघांना भूक लागली.

दुकानामागच्या खोलीत तिनं सांगाडा टेबलावर घेतला. काकांनी दारातूनच पाहिलं.

"कशाला मेलेलं उकरून काढतेस?" एवढं म्हणून ते माघारी फिरले. काकू गेल्यापासून त्यांचं बोलणं असंच तुटक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र खुर्ची ओढून शेजारी बसले. चिमणीनं रॉकेलची वाटी आणि गंजलेले स्क्रू त्यांच्यापुढे सरकवले. मग रोजचंच झालं. भंगारातल्या दोन मशीनांमधून पिस्टनच्या रिंगा आणि चेन मिळाली. कॉइल तिनं स्वतः भरली, ते तिच्या हातचंच काम. कार्बोरेटर एका जुन्या स्कूटरचा आणला, तो बसेना, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी कापून घातली. दोन मेलेल्यांच्या जिवावर तिसऱ्याला उठवायचं चाललं होतं. पाना कुणी हरवला यावरून काका-पुतणीची वादावादी झाली, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. घरात भांडण होऊनही फार दिवस झाले होते.

मूठ काही कुठे मिळाली नाही.

"केवढी जाड होती हो, काका?"

काकांनी हवेतच मूठ वळली. "एवढी."

चिमणीनं पुट्टीचा गोळा मळून त्यांच्या हातात दिला. "दाबा. तशीच धरल्यासारखी."

त्यांनी दाबली. मग उघडून बघत बसले. "हे माप खोटं आहे. तेव्हा माझी बोटं अशी सुजलेली नव्हती."

"धरणार कोण आहे? तेव्हाचे तुम्ही की आताचे?"

काकांनी गोळा जपून टेबलावर ठेवला. त्या मापानं चिमणीनं लाकडी मूठ करून आणली.

शेजारच्या आवारात वाऱ्यानं आडवं झालेलं एक झाड होतं. रविवारी दोघांनी मशीन तिथं नेलं. दोरी ओढून ओढून चिमणीचा खांदा भरून आला. मशीन खोकलं, गप्प बसलं, पुन्हा खोकलं आणि मग निळा धूर सोडत सुरू झालं.

काका मुठीकडे वळले, तशी ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "आज इंजिन तुम्ही धरा."

ते थबकले. अण्णांनी धाकट्या भावाला इंजिनाकडे कधी फिरकू दिलं नव्हतं. त्या हिवाळ्यातलं भांडणही त्यावरूनच. थोरल्यानं मिरवायचं टोक स्वतःकडे ठेवलं, हे काकांच्या मनात घट्ट बसलं होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी इंजिन पकडलं. मशीन ओंडक्यावर टेकलेलं होतं, तरी त्यांचे खांदे खाली ओढले गेले. कोपरापर्यंत हात थरथरत होते आणि धुराचा गरम झोत थेट मनगटावर येत होता. मिनिटभर ते तसेच उभे राहिले. मग मान हलवून बंद करायची खूण केली.

आवाज थांबल्यावर ते ओंडक्यावर बसले, मनगट चोळत राहिले.

"संध्याकाळी चहा पिताना दादाचा कप हिंदकळायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, घाई असते त्याला." मनगटावर फुंकर घालून म्हणाले, "एकदा तरी सांगायचं होतं लेकाच्यानं."

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्धा वेळ इंजिन मागून घेतलं असतं."

"घेतलंच असतं."

त्यांचे डोळे भरले होते. चिमणी उगीचच चेन तपासत राहिली.

मग ते उठले, पलीकडे जाऊन नवी मूठ धरली आणि तिला मानेनं खूण केली. तिनं दोरी ओढली. करवत लाकडात शिरली, आवाज जाड झाला, पिवळा भुसा दोघांच्या पायांवर उडू लागला. आपलं टोक वर-खाली कधी करायचं हे तिला सांगावं लागलं नाही. काकांचा हात काय म्हणतोय ते तिला पट्टीतूनच कळत होतं. कापलेला तुकडा धप्पकन खाली पडला.

काकांनी कापावरून तळवा फिरवला. "डावीकडे ओढतेय. चेनच्या त्या बाजूला कानस मारायला हवी."

"उद्या मारू."

"उद्या कशाला? खुर्ची आण. मी इथंच बसून मारतो."