आत्याच्या गाडीतली वीज कुठे गेली

माझ्या डब्यात एकूण तेरा वस्तू होत्या. चार स्क्रू ड्रायव्हर, दोन पकडी, चिकटपट्टीची एक गुंडाळी, सोल्डरची एक कांडी, रेडिओची तीन बटणे, अर्धी मेणबत्ती आणि मी. मित्रांनो, मी एक जुना काट्याचा मीटर आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजणे हे माझे काम. मला दोन वायरी आहेत, एक लाल आणि एक काळी, आणि काचेखाली केसाएवढा बारीक काटा.

कारखान्यात एका बाईंनी भिंगातून पाहत तो काटा शून्यावर बसवला. त्या दिवशी त्यांच्या हाताखालून चाळीस मीटर गेले. मी एकतिसावा. नंतर मी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो आणि बावीस वर्षे त्यांच्या टेबलावर राहिलो. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले की ते मला पुढे सरकवत आणि म्हणत, "माझं राहू द्या, याला विचारा." मला तेवढी शाबासकी पुरत असे.

ते गेले. मग एकदा त्यांच्या मेहुण्याने मला प्रवाहाच्या मापावर ठेवून माझ्या वायरी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसल्या. त्या मापावर असताना मी विजेला मोकळी वाट देतो, त्यामुळे जे व्हायचे तेच झाले. माझ्या पोटातला काचेचा छोटा फ्यूज उडाला. तो उडाला म्हणून मी वाचलो, पण काटा हलेना. "मेला हा," असे म्हणून मेहुण्याने मला डब्यात टाकले. अकरा वर्षे कुणी झाकण उघडले नाही.

ते उघडले गाडीमुळे. रेडिओवाल्यांच्या पत्नी म्हणजे घरातली आत्या. ती निवृत्त नर्स. दर सोमवारी आणि गुरुवारी ती आपली जुनी गाडी चालवत गावाच्या दुसऱ्या टोकाला जाई आणि अंथरुणाला खिळलेल्या मैत्रिणीच्या पायाचे ड्रेसिंग बदलत असे. त्या महिन्यात गाडी सलग तिसऱ्यांदा सुरू झाली नाही. बॅटरी पार उतरलेली.

"ताई, तू पुन्हा लाइट चालू ठेवलेस," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. मला डब्यात टाकणारा मेहुणा तो हाच.

"नाही ठेवले. हे बघ." आत्याने पर्समधून कागद काढला. गाडीतून उतरताना ती त्यावर खुणा करत असे: लाइट, रेडिओ, पंखा, दारं. चारही खुणा जागेवर होत्या.

"खूण करायची म्हणून केली असशील. सत्तरी आली, ताई. रविवारी किल्ली माझ्याकडे दे. मी सोडत जाईन तुला, वेळ मिळेल तसा."

"तुला वेळ मिळेपर्यंत तिचा पाय वाट बघेल का?"

भावाने शब्द मागे घेतला नाही. तो गेल्यावर आत्याने खुणा पुन्हा मोजल्या. मग जवळच उभ्या असलेल्या भाचीला हळूच विचारले, "खुणा करताना मी खरंच बघितलं होतं ना गं?"

भाची, म्हणजे त्या भावाचीच मुलगी, नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती. ती म्हणाली, "ते मला कसं सांगता येईल? पण गाडी मोजता येईल. काकांचा मीटर कुठे आहे?"

तिने माझी पाठ उघडली, फ्यूज उजेडात धरला. आतली तार तुटलेली दिसली. संध्याकाळी ती तसेच दोन नवे फ्यूज घेऊन आली. एक बसवला आणि माझा काटा हलला.

"मेला होता म्हणे," आत्या म्हणाली.

शनिवारी सकाळी बॅटरी चार्ज करून झाल्यावर भाचीने मला लावून दाब मोजला, "साडेबारा व्होल्ट, म्हणजे भरलेली," असे आत्याला सांगितले, मग बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मधे मला जोडले. आता बॅटरीतून जे काही बाहेर पडेल ते माझ्यातून जाणार होते. आधी मोठे माप, मग प्रवाह थोडाच आहे असे बघून लहान. किल्ली काढलेली, दारे बंद. माझा काटा ०.४५ अँपिअरवर उभा राहिला.

"बंद गाडीला एवढा कशाला लागतो?" भाची म्हणाली. "घड्याळाला याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही लागत नाही."

"रेडिओ चालू राहिला असेल," असे म्हणत भावाने बघायला दार उघडले. दार उघडताच छताचा दिवा लागला. माझा काटा पलीकडच्या टोकाला आपटला आणि नवा फ्यूज उडाला.

"बाबा."

"मी फक्त दार उघडलं."

"थर्मामीटर तोंडात असताना कुणी चहा पाजतं का?" आत्या म्हणाली.

आता एकच फ्यूज उरला. तो बसवून भाचीने सर्वांना दारांपासून लांब उभे केले. पुन्हा ०.४५. मग ती गाडीचे फ्यूज एकेक करून काढू आणि परत लावू लागली. पाचवा काढला तशी मी घसरून ०.०३ वर आलो. तो लावला, पुन्हा वर.

"हा दिव्यांचा आहे. छताचा तर बंद दिसतोय."

"डिकीत एक दिवा आहे," आत्या म्हणाली आणि मागे गेली.

"थांब, याला मोठ्या मापावर घेऊ दे. हं, आता उघड."

डिकी उघडली. मी जागचा हललो नाही.

"पेटलाय," भाऊ म्हणाला. "पण डिकी उघडली की तो पेटणारच."

"काटा हलला नाही, बाबा. आत्ता पेटला असता तर हलला असता."

तोवर आत्याने दिव्याला बोट लावून झटकन मागे घेतले होते. "हा आत्ताचा नाही. चांगला तापलाय. चाळीस वर्षं लोकांचे तापच बघितलेत मी."

डिकीच्या झाकणाला एक रबरी गुंडी होती. झाकण लावले की ती दिव्याचे बटण दाबायची. ती झिजून अर्धी झाली होती. म्हणून बंद डिकीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दिवा रात्रंदिवस जळत होता.

भावाने वाकून ती गुंडी बोटांनी चाचपली. मग घरात गेला आणि आपली जुनी चप्पल व सुरी घेऊन आला. "जाडी किती हवी, ताई?" त्याने विचारले.

"हिला विचार. मोजते तीच."

आठ मिलिमीटर जाडीचा तुकडा त्याने स्वतः कापला, स्वतःच चिकटवला. रविवार आला नि गेला. किल्लीचा विषय कुणी काढला नाही.

मित्रांनो, वस्तू बंद पडली तर ती मेली असे म्हणण्याआधी एकदा तिचे झाकण उघडा. माणसाला विसरभोळे ठरवण्याआधी तर जास्तच थांबा. आणि माझ्यापुरते मागणे एवढेच, की मला प्रवाहाच्या मापावर ठेवून भिंतीला लावू नका.

सोमवारी आत्या ड्रेसिंग करून आली. त्यानंतर गुरुवारपर्यंत गाडी जागची हलली नाही. गुरुवारी सकाळी तिने स्वतः बॉनेट उघडले, मला व्होल्टच्या मापावर फिरवले, बॅटरीला लालला लाल आणि काळ्याला काळी वायर लावली आणि वाकून काटा वाचला.

साडेबारा व्होल्ट.