एका पायाची घोडी

तीन पायांची ती घोडी काउंटरवर उभी राहिली, तशी भागुबाईंनी नाक मुरडलं.

"ट्रायपॉडच घ्या आजी," दुकानदार लखन म्हणाला. "नानांचा हात जरा थरथरतो, त्याला हेच बरं. कॅमेरा लावला की विसरून जायचं."

गोरक्षनानांनी मान हलवली. नाशिक रोडला चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेला माणूस. त्यांना पटलं होतं.

"आणि मंगलाष्टकं लागली की ह्या तंगड्या पसरायच्या कुठं?" भागुबाई म्हणाल्या. "मागल्या साली वरमाईचा शालू अडकला ह्यांच्या जुन्या घोडीत. आख्खं वऱ्हाड अक्षता सोडून शालू सोडवत बसलं. मला एका पायाची दाव."

"अगं, ती आपली आपण उभी राहत नाय," नाना पुटपुटले.

"मग तुम्ही धरा की. दुसरं काय काम हाय तुम्हाला?"

तिसरीत शाळा सुटलेल्या भागुबाईंना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. नाना मात्र कळत होते. दिवाळीपासून ते दोनदा पडले होते. एकदा मोरीत, एकदा मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. भागुबाईंनी ती त्याच दिवशी आणली आणि ती अजून दाराआड उभी होती. "काठी टेकणाऱ्याला लग्नाची ऑर्डर कोण देतं?" एवढंच नाना म्हणाले होते. तेव्हापासून ते भिंत धरून चालत, आणि भिंत संपली की थांबत.

लखनने एका पायाचा मोनोपॉड काढला. भागुबाईंनी तो नानांच्या कमरेएवढाच उघडायला लावला, बोटभरही जास्त नाही. मग फरशीवर टेकवून दोन्ही हातांनी अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. तो सर्रकन आत गेला.

"हा नको."

दुसराही तसाच आत गेला. तिसरा, चांगला जाडजूड, जागचा हलला नाही.

"आजी, कॅमेरा दोन किलोचा असतो हो!"

"आमचा जड हाय."

नाना कपाटातल्या लेन्स बघत होते. बघतच राहिले.

पुढच्या रविवारी देवळ्याला भाचीचं लग्न होतं. नाना मांडवात शिरले ते मोनोपॉड टेकत, भागुबाई दोन पावलं मागे. चुलतपुतण्या समर्थ खुर्चीतूनच ओरडला, "काय नाना, शेवटी काठी आली का हाताला?"

नाना जागीच थांबले.

"काठी?" भागुबाई पुढे झाल्या. "डोळे तपासून घे मेल्या. फोटोची वस्तू हाय ती. तुझ्या बापाच्या लग्नात असती, तर त्याचं नाक तरी सरळ आलं असतं फोटोत."

सगळा मांडव हसला. समर्थचा बापही नाक चाचपत हसला. नानांनी सावकाश मोनोपॉडवर कॅमेरा बसवला, फिरकी आवळली आणि मांडवाकडे रोखून म्हणाले, "हं, हसताय तसेच थांबा."

त्या दिवशीचे निम्म्याहून जास्त फोटो हललेले निघाले. नानांनी ते एकेक करून भागुबाईंना दाखवले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. संसारात हे पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर ऑर्डर आली नाही. पण रोज सकाळी नाना गळ्यात कॅमेरा अडकवतात आणि मोनोपॉड टेकत दुधाला जातात. भिंत संपली तरी थांबत नाहीत.

परवा भागुबाई एकट्याच लखनच्या दुकानात गेल्या. पिशवीतून मोनोपॉडच्या बुडाचं रबर काढून काउंटरवर ठेवलं. एका बाजूनं ते पार झिजून गेलं होतं.

लखनने ते उलटंपालटं करून पाहिलं. "अजून वर्षही नाही झालं, आजी. नाना खूप फोटो काढतात वाटतं?"

"तर!" भागुबाईंनी पदर सावरला. "दिवसभर. दोन दे."