उखळावरची लादी

शेखर मिस्त्री पाच दिवस म्हणाला होता. मी पाच बोटं त्याच्या नाकासमोर धरून कबूल करून घेतलं होतं. आज अकरावा दिवस, आणि माझी भांडी, कणग्या, देव, सगळं अजून पडवीत.

आख्खं घर मी सारवायची ते उन्हं अंगणात उतरायच्या आत. ह्या बाबाला दोन खोल्यांना अकरा दिवस. हे मी त्याला रोज चहाबरोबर ऐकवलं. मुरूम भरला, धुमस आपटून धुमसला, पाणी मारलं, आणि म्हणे आता दोन दिवस बसू द्या, आजी. मी विचारलं, मुरूम बसणार का तू?

घाई मला हौसेची नव्हती. माझ्या लेकीचं, वैष्णवीचं, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. तिला सोमवारी आठवा लागतो, आणि आठव्यात बाई हलवत नाहीत. मुरबाडच्या विहीणबाईंनी, तिच्या सासूने, लग्नातच माझ्या मातीच्या जमिनीकडे बघून पदर सावरला होता. आता निरोप धाडला, घर तयार असेल तर रविवारी पाठवते, नाहीतर बाळंतपण आमच्याकडेच. म्हणून तर साईनाथला, माझ्या लेकाला, शहापूरहून लाद्या आणायला लावल्या.

मधल्या खोलीत जमिनीत पुरलेलं उखळ होतं. माझ्या सासूने त्यात भात सडलं, मी सडलं. ते मी काढू देईना म्हणून तीन दिवस मीच खाल्ले, हे खरं. शेवटी दगड निघाला, गुडघाभर खड्डा राहिला. शेखर म्हणाला, थराथराने भरून धुमसायला दोन दिवस लागतील. आणखी दोन! तो वाशिंदला घरी गेला. सकाळी तो यायच्या आधी मी अंगणातली माती खड्ड्यात लोटली, पायाने तुडवली, वरून हात फिरवला. सारवणाचा हात माझा, कोणाला कळणार? साईनाथने धुमसलं, असं मी शेखरला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला आणि लाद्या बसवल्या.

आज शुक्रवारी पाण्याची कळशी घेऊन मी तिथे पाय ठेवला आणि लादी एका कोपऱ्याने खाली गेली. मग मी शेखरचं काही ठेवलं नाही. त्याचं काम काढलं, त्याचा गुरू काढला, आधीच्या कामावरून बिल्डिंगवाल्यांनी त्याला का हाकललं असेल तेही सांगितलं.

त्याने छिन्नीने लादी उचलली, हात घातला आणि मूठभर भुसभुशीत माती वर काढली. मातीत अंगणातल्या पेंढ्याची काडी होती.

"आजी, हे कोणी भरलं?"

साईनाथ माझ्याकडे बघत म्हणाला, "मी नाय."

असा राग मला कोणाचा आला नव्हता. आणि आता तो काढायला माझ्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

"किती दिस?" मी विचारलं.

"चार."

मी साईनाथचा फोन घेतला. विहीणबाईंना सांगितलं, घर तयार नाय. मिस्त्रीची चूक नाय, माझी हाय. तरी पोरीला रविवारी पाठवा.

त्यांनी विचारलं, "निजंल कुठं ती?"

"पडवीत. माझ्या बाजूला."

"पाठवते," त्या म्हणाल्या. "पण मिस्त्रीला सावकाश करू द्या, विहीणबाई."

दात आवळून मी बरं म्हटलं.

शेखर खड्डा उपसत होता. मी कोपऱ्यातली धुमस उचलली. तो म्हणाला, राहू द्या, मी करतो.

"तू पाणी मार," मी म्हटलं. "आन् थांब म्हणशील तवाच थांबेन."